मिठाचा धनी कोण?

खारपाणपट्ट्यात, पूर्णा नदीपासून दोन-तीन कोसांवर माझ्या मामेभावाचं गाव आहे. मागच्या एप्रिलमध्ये तिथं चार दिवस मुक्काम पडला. सकाळी त्याची सून कॅन घेऊन पाण्याला निघाली, तशी मीही सोबत गेले. चावडीशेजारच्या खोलीत आरओचं यंत्र बसवलेलं. बाहेर भिंतीला नळ. खाचेत पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर गोड पाणी. रांग मोठी होती म्हणून मी खोलीला वळसा घालून मागे गेले. तिथं भिंतीतून अर्ध्या इंचाचा पाइप बाहेर आला होता आणि त्याची बारीक धार सारखी नालीत पडत होती. नालीच्या दोन्ही कडांना पांढरी खरपुडी धरलेली, हातात घेतली की पापडासारखी मोडणारी. पलीकडे एक कडुनिंब उभा होता, शेंड्यापासून खोडापर्यंत वाळलेला. कडुनिंब तसा चिवट, पण त्यानंही तिथं मान टाकली होती. धारेखाली बोट धरून जिभेला लावलं. खारट कमी, कडूच जास्त. सुनेला विचारलं, हे पाणी जातं कुठं? ती म्हणाली, “नाल्यात जाते नं आत्याबाई, अन् तिथून पूर्णेत.”

त्या धारेला इंग्रजीत ‘ब्राइन’ म्हणतात, पण आपल्या भाषेत तिच्यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: मिठवणी. खारट पाण्यातलं गोड पाणी काढून घेतल्यावर उरतं ते मिठवणी. आणि हल्ली शेतीच्या चर्चेत, कृषी प्रदर्शनांत, मंत्र्यांच्या भाषणांत एक आशा पुन्हा पुन्हा ऐकू येते, की आता यंत्रं स्वस्त झाली, सूर्याची वीज स्वस्त झाली, तर खारट विहिरींचं, समुद्राचं, अगदी कारखान्यांच्या मिठवणीचंही पाणी करून ओलित का करू नये? प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जे मिठवणी आपण आधीच तयार करून गावाच्या नालीत सोडतो आहोत, त्यातलं पाणी आधी काढा. शेतासाठी नवं मिठवणी तयार करायचं असेल, तर उरलेल्या मिठाची जागा दाखवल्याशिवाय कुणालाही परवानगी मिळता कामा नये. मग तो एकटा शेतकरी असो, कंपनी असो की सरकारचीच योजना असो.

खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अकोला, अमरावती, बुलढाणा आणि थोडा जळगाव, अशा चार जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. राज्याच्या ‘पोकरा’ म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या खोऱ्यातली ९३२ गावं क्षारग्रस्त म्हणून धरली गेली. माती काळी, चिकण, भेगाळणारी; पाऊस वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते पिकाला देता येत नाही. म्हणून इथला शेतकरी खरिपात कापूस, मूग, तूर घेतो आणि रब्बीत जमिनीतल्या ओलीवर हरभरा. हरभरा फुलावर असताना ओल संपते. विहिरीत वीस फूट पाणी उभं असतं आणि बांधापलीकडे घाटे न भरलेला हरभरा वाळत असतो. हे ज्यानं वर्षानुवर्षं पाहिलं आहे, त्याला ‘या पाण्यातलं मीठ काढता येतं’ हे वाक्य देवाच्या कौलासारखं वाटणारच.

खारट पाणी पिकाला का चालत नाही, हे प्रत्येक घरात दरवर्षी दिसतं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाला पाणी सुटतं. आपण ते पिळून काढलेलं नसतं; मिठानं ते फोडीतून बाहेर ओढलेलं असतं. जिकडे क्षार जास्त तिकडे पाणी जातं, यालाच परासरण म्हणतात. मुळाच्या बाहेरच्या पाण्यात क्षार वाढले की मुळाला पाणी आत घेणं जड जातं आणि एका मर्यादेनंतर झाड भर पाण्यात तहानेनं मरतं. युरियाचा डोस जास्त झाला की पीक करपतं, तेही बरंचसं याच कारणानं. आरओच्या यंत्रात पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडवणाऱ्या पडद्यातून या ओढीच्या उलट जोर लावतात, म्हणून ते उलटं परासरण, इंग्रजीत रिव्हर्स ऑस्मोसिस. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याची ओढ मोडायला हवेच्या दाबाच्या २७ पट दाब लागतो, आणि प्रत्यक्षात यंत्रं ५५ ते ७० पटींवर चालवावी लागतात.

त्यामुळे समुद्राच्या पाण्यावर पीक घ्यायचं स्वप्न पहिल्यांदा अडखळतं ते विजेपाशी. आजची चांगली यंत्रणा हजार लिटर गोड पाण्याला ३ ते ४ युनिट वीज खाते. पिण्याच्या पाण्याला हे परवडतं, कारण माणूस दिवसाला काही लिटर पितो. शेतीचा हिशेब वेगळा. हेक्टरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १ लाख लिटर. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षभरात २०० ते २५० सेंटीमीटर पाणी जातं, म्हणजे हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर. साडेतीन युनिटांनी गुणलं तर नुसतं पाणी गोड करायला ७० ते ८७ हजार युनिट. ठिबकनं हे निम्म्यावर आणलं तरी ऊस समुद्राच्या पाण्यावर पिकणार नाही, हे कुणालाही पटेल. ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाजवळ २०१६ मध्ये सनड्रॉप फार्म्सनं २३ हजारांवर आरसे लावून, सूर्याच्या उष्णतेवर खाडीचं पाणी गोड करून २० हेक्टर काचघरात टोमॅटो घेतले. त्या कामाचं मला कौतुक आहे. पण तो टोमॅटो आहे, काचघरात आहे, आणि त्यामागे एका मोठ्या दुकानसाखळीशी झालेला खरेदीचा करार होता.

खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी समुद्राइतकं खारट नसतं. तिथं वीज हा मोठा अडसर नाही. हजार लिटरला एखादं युनिट पुरतं. म्हणूनच तिथं मोह जास्त आहे, आणि म्हणूनच तिथला हिशेब नीट मांडायला हवा. तो मी भावाच्या ओसरीवर बसून त्याच्याच जमाखर्चाच्या वहीत मांडला. धरा, विहिरीच्या पाण्यात लिटरला ३ ग्रॅम क्षार आहेत. एक हेक्टर हरभऱ्याला पाच-पाच सेंटीमीटरची दोन संरक्षित ओलितं द्यायची, म्हणजे १० लाख लिटर गोड पाणी. यंत्र चारातले तीन भाग गोड करतं असं मानलं तर विहिरीतून १३ लाख ३३ हजार लिटर उपसावे लागतील. त्यातले ३ लाख ३३ हजार लिटर मिठवणी होऊन मागे उरतील, लिटरला जवळपास १२ ग्रॅम क्षार घेऊन. दहा हजार लिटरचे तेहतीस टँकर. आणि त्यांत मीठ किती? चार टन.

एका हेक्टरच्या, दोन ओलितांच्या हरभऱ्यामागे चार टन मीठ. गावातल्या शंभर हेक्टरांना हेच केलं तर वर्षाला चारशे टन.

भावाला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. त्यानं पुन्हा गुणाकार केला. मग म्हणाला, “पण हे मीठ तं आधीपासून जमिनीतच हाये न?” हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. यंत्र मीठ निर्माण करत नाही. पण जे मीठ खोल, पसरून, पाण्यात विरघळून बसलं होतं ते आपण वर काढतो, चौपट दाट करतो आणि एका पाइपातून एका ठिकाणी सोडतो. समुद्रकाठी निदान समुद्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यात समुद्र नाही. पूर्णा तापीला मिळते आणि वाटेतली सगळी गावं त्याच पाण्याच्या काठावर राहतात. मग प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात ते सुकवायचं म्हटलं तर? वर्षभरातलं बाष्पीभवन आणि त्यात पडणारा पाऊस यांची वजाबाकी करून साधारण एक मीटर पाणी उडतं असं धरलं, तर हेक्टरमागे सव्वातीन गुंठे जमीन नुसत्या मिठाच्या तळ्याला द्यावी लागेल. ते अशक्य नाही. पण पावसाळ्यात ते तळं फुटता कामा नये, प्लास्टिक फाटता कामा नये, आणि दहा वर्षांनी तळात साचलेलं चाळीस टन मीठ कुठं न्यायचं हे आजच ठरलेलं हवं. हे मिठागरातलं मीठ नाही. त्यात सल्फेटं, बायकार्बोनेटं सगळं मिसळलेलं असतं. ते ना कुणी खाणार, ना कुणी विकत घेणार.

शिवाय त्या गोड पाण्याचीही एक अडचण आहे, आणि ती यंत्र विकणारा सांगत नाही. आरओचा पडदा कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ सगळं अडवतो, सोडियम मात्र थोडा निसटतो. म्हणजे बाहेर येणाऱ्या पाण्यात क्षार कमी, पण असतील त्यांत सोडियमचा वाटा मोठा. असं पाणी आधीच चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या, काळ्या जमिनीला दिलं की मातीचे कण सुटतात, वर पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी मुरत नाही. उपाय आहे, पाण्यात किंवा जमिनीत जिप्सम घालायचं. इस्राएलमध्ये २००५ साली अश्केलोनचा मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर हेच वेगळ्या तऱ्हेनं पुढं आलं: पाणी इतकं शुद्ध की पिकांना मॅग्नेशियम कमी पडू लागलं, कारण आधीच्या पाण्यातून ते आपोआप मिळत होतं आणि कुणी त्याचा विचारच केला नव्हता.

आता त्या कल्पनेकडे येते जी मला खरोखर सुंदर वाटते. मीठ कैरीतून पाणी ओढतं, तर खारट पाण्यातून गोड पाणी आणखी दाट द्रावणाला ओढू द्यावं. आणि ते दाट द्रावण खताचंच का नसावं? पडद्याच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला अमोनियम सल्फेट किंवा पोटॅशियम नायट्रेटचं दाट द्रावण. जोर लावायचा नाही, पंप फारसा नाही. खत स्वतःच पाणी ओढून घेतं आणि पातळ होतं. पातळ झालेलं खत ठिबकमधून पिकाला. खत तर आपण देणारच होतो. जाता जाता त्यानं पाणीही आणलं. ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडली, आणि पुढे सिडनीच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटानं कोळसा खाणीच्या खाऱ्या पाण्यावर तिची प्रत्यक्ष चाचणी घेतली. ठिबक आणि विद्राव्य खतांचा सराव असलेल्या महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला ती समजवायलाही वेळ लागणार नाही.

पण हिशेब इथंही पाठ सोडत नाही. ही ओढाओढ दोन्ही बाजू बरोबरीत आल्या की थांबते. लिटरला ३ ग्रॅमच्या पाण्यासमोर अमोनियम सल्फेटचं द्रावण लिटरला साधारण ५ ग्रॅमपर्यंतच पातळ होतं. त्यात नत्र उरतं लिटरला एक ग्रॅमच्या आसपास. ठिबकमधून देतात त्याच्या पाच ते दहा पट. म्हणजे ते पिकाला देण्याआधी पुन्हा गोड पाण्यानंच पातळ करावं लागणार. कापसाला हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचं ठरवलं, म्हणजे पावणेपाचशे किलो अमोनियम सल्फेट. ते सगळं वापरून हंगामभरात विहिरीतून ओढून मिळतं ते ९५ हजार लिटरच्या आसपास. हेक्टरला एक सेंटीमीटरसुद्धा नाही. आणि आपलं सगळ्यात स्वस्त खत, युरिया, या कामाला जवळपास निरुपयोगी, कारण त्याचा कण लहान आणि विद्युतभाररहित असल्यामुळे तो पडद्यातून पलीकडे निसटतो. समुद्राच्या पाण्यावर तर हे आकडे आणखी खाली येतात. रोपवाटिकेला, शेडनेटमधल्या भाजीला, जिथं थोडं पाणी मोलाचं असतं तिथं हे तंत्र उपयोगी पडू शकेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं अशी एक चाचणी खारपाणपट्ट्यात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पण हरभऱ्याचं, कापसाचं ओलित त्यावर होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगून.

मिठाला जागा दाखवली नाही तर काय होतं, हे पाहायचं असेल तर स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर जावं. मुर्सिया प्रांतात मार मेनोर नावाचं खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर आहे, १३५ चौरस किलोमीटरचं. भूमध्य समुद्र आणि त्याच्यामध्ये ला मांगा नावाची वाळूची बावीस किलोमीटर लांब, चिंचोळी पट्टी. त्याच्या पाठीमागे कार्ताहेनाचं मैदान. हे मैदान कोरडवाहू होतं. १९७९ मध्ये ताहो नदीचं पाणी कालव्यानं सेगुरा खोऱ्यात आणलं आणि तिथं बारमाही शेती उभी राहिली: लेट्युस, ब्रोकोली, खरबूज, लिंबू, युरोपभर जाणारं. नव्वदच्या दशकात दुष्काळ पडला, कालव्याचं पाणी तुटलं. शेतकऱ्यांनी विहिरी खणल्या. पाणी खारट निघालं. मग शेताशेतात छोटी आरओ यंत्रं बसली. दुष्काळात सरकारनंही याला वाट करून दिली. यंत्रामागून जे निघत होतं ते मिठवणी ओढ्या-नाल्यांत, चरांत जात राहिलं, आणि अल्बुहोनच्या ओढ्यातून सरोवरात.

ते नुसतं खारट नव्हतं. वर्षानुवर्षं पिकांना दिलेल्या खताचं नत्र झिरपून त्याच भूजलात उतरलं होतं. यंत्रानं मीठ जसं चौपट दाट केलं तसं नायट्रेटही केलं. शेतकरी खत घालत होता, ते जमिनीत उतरत होतं, विहिरीतून वर येत होतं आणि दाट होऊन सरोवरात जात होतं. २०१६ मध्ये सरोवर हिरवं झालं. लोक त्याला ‘हिरवं सूप’ म्हणू लागले. शेवाळामुळे उजेड तळापर्यंत पोचेना आणि तळावरची ८५ टक्के वनस्पती मेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये, मोठ्या पावसानंतर, मासे आणि खेकडे प्राणवायूसाठी तडफडत काठाच्या उथळ पाण्यात आले आणि तिथंच टनांनी मेले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच.

मार मेनोर एकट्या मिठवणीनं मेलं असं मी म्हणणार नाही. शेतातून वाहून जाणारं खत, गावांचं सांडपाणी, किनाऱ्यावरची बेसुमार बांधकामं, जुन्या खाणी, सगळ्यांचा त्यात हात आहे. पण बेकायदा यंत्रांवर खटले उभे राहिले तेव्हा हे उघड झालं, की मिठवणी कुठं जातं याची नोंदच कुणाकडे नव्हती. काहींनी यंत्रं जमिनीखालच्या खड्ड्यांत लपवली होती. पाण्याच्या प्रत्येक थेंबाला मालक होता, मिठाला कुणीच नव्हता. शेवटी सहा लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या आणि २०२२ मध्ये स्पेनच्या संसदेनं कायदा करून या सरोवराला माणसासारखं कायदेशीर व्यक्तित्व दिलं. युरोपातलं असं हे पहिलं उदाहरण. सरोवर आता कोर्टात उभं राहू शकतं. पूर्णेच्या वतीनं कोण उभं राहणार?

आपल्या देशातही हे घडून गेलं आहे, फक्त तिथं मीठ शेतातून न येता कारखान्यांतून आलं. तमिळनाडूत तिरुपूरच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं खारट पाणी नोय्यल नदीत जात होतं. त्या नदीवर शेतीसाठी बांधलेलं ओरथुपाळयमचं धरण रंगीत मिठवणीचं तळं झालं, आणि खालच्या शेतकऱ्यांवर ‘धरणातलं पाणी सोडू नका’ असं सांगायची वेळ आली. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं कारखाने बंद करायचा आदेश दिला, तेव्हा कुठं बाहेर थेंबही न सोडण्याची यंत्रणा खऱ्या अर्थानं चालू लागली. आज तिथं मिठवणी आटवून त्यातलं बहुतेक पाणी परत घेतलं जातं आणि रंगाईला लागणारं मीठसुद्धा. तरी मिसळलेल्या क्षारांचे ढीग गोदामांत पडून आहेतच. मला तिरुपूर आशेचं वाटतं. आधीच असलेल्या मिठवणीतून पाणी काढल्यानं मिठवणी कमी होतं, आणि हे करता येतं हे तिथं सिद्ध झालं. पण आदेश आला नसता तर कुणी केलं नसतं, हेही तिथंच दिसलं.

मग खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्यानं काय करायचं? शहरात बसून त्याला ‘तू हे करू नको’ सांगणं सोपं आहे, आणि मी तसं सांगून मोकळी होणार नाही. त्याच्यासाठी माझं पहिलं उत्तर यंत्राचं नाही, शेततळ्याचं आहे. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पावसाचं पाणी मावतं. बाष्पीभवनात बरंचसं गेलं तरी हेक्टरभर हरभऱ्याची दोन ओलितं निघू शकतात, आणि त्यामागे मीठ उरत नाही. जी चिकण माती या पट्ट्याचा शाप मानली जाते तीच इथं कामाला येते: पाणी मुरत नाही, म्हणून अनेक ठिकाणी प्लास्टिकशिवायही तळं टिकतं. सरकारकडे खारपाणपट्ट्यासाठी एक रुपया असेल, तर तो आधी इथं जावा.

आरओ जिथं लागणारच, म्हणजे पिण्यासाठी, तिथं मागच्या पाइपाची जबाबदारी पुढच्या नळाइतकीच मानली जावी. ग्रामपंचायतीच्या यंत्राला अनुदान असेल, तर मिठवणीच्या टाकीलाही असावं. ते पाणी दुसऱ्यांदा पडद्यातून काढलं तर निम्मं तरी परत मिळेल. उरलेलं अंथरलेल्या टाकीत सुकवता येईल, कारण पिण्याच्या यंत्राचं मिठवणी शेतीच्या तुलनेत फारच थोडं असतं. खतानं पाणी ओढून घेण्याचा प्रयोगही शेजारच्या रोपवाटिकेसाठी इथं करून पाहता येईल, फक्त मिठवणी दाट असल्यामुळे मिळेल ते पाणी आणखी थोडं असेल, हे धरून.

मुंबईसाठी मनोरीला रोज २० कोटी लिटरचा समुद्रपाणी गोड करण्याचा प्रकल्प ठरला आहे. त्यावर अनेकांचा राग आहे, खर्चाबद्दल आणि मिठवणीनं मासेमारीचं काय होईल याबद्दल, आणि कोळ्यांचे ते प्रश्न पूर्ण रास्त आहेत. पण समुद्राचं पाणी शेतीला द्यायचा सगळ्यात शहाणा मार्ग मला यातच दिसतो: ते शेतात नेऊ नका, शहराला प्यायला द्या आणि शहर जेवढं कमी घेईल तेवढं धरणाचं पाणी शेताला सोडा. मुंबई रोज ३९० कोटी लिटरच्या आसपास पाणी घेते, आणि त्यातलं बहुतेक तानसा, वैतरणा, भातसा या खोऱ्यांतून. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मनोरीच्या प्रत्येक लिटरामागे खोऱ्यात किती लिटर सुटणार, हे करारात लिहून घ्यायला हवं. नाहीतर शहर मनोरीचंही पिईल, भातशाचंही पिईल, आणि पाडे टँकरचीच वाट पाहत राहतील.

आपल्याकडे पाणी देणाऱ्याचं नाव कोनशिलेवर लागतं. क्षाराचं बिल वीस-तीस वर्षांनी येतं आणि ते दुसऱ्याच कुणाच्या सातबाऱ्यावर चढतं. कृष्णाकाठी वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांतल्या पांढऱ्या पडलेल्या जमिनी पाहा. तिथं समुद्र नव्हता, खारी विहीरही नव्हती. नदीचं गोडच पाणी, पण अति दिलं, निचरा केला नाही, आणि मीठ वर आलं. लिटरला एक ग्रॅम क्षाराचं पाणी ६० सेंटीमीटर दिलं की हेक्टरी सहा टन मीठ शेतात येतं. ते बाहेर जायला वाट हवी, ही साधी गोष्ट त्या वेळी कुणी बोललं नाही. शिरोळमध्ये सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून हजारो एकर पुन्हा पिकाखाली आणले. ते काम पाहून मला शेतकऱ्याच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावंसं वाटतं. आणि रागही येतो, कारण जो खर्च पाण्याच्या योजनेतच धरायला हवा होता तो त्यांना पुढे स्वतः उचलावा लागला.

म्हणून खारट पाणी शेतीसाठी गोड करण्याची कुठलीही योजना आली, तर तिच्या पहिल्या पानावर किती पाणी मिळेल याच्या शेजारी किती टन मीठ उरेल, ते कुठं राहील, तिथं किती वर्षं राहील आणि त्याची राखण कुणाच्या पैशानं होईल, हे लिहिलेलं असावं. अनुदान पाण्यावर असेल तर तेवढंच मिठावरही असावं. खालच्या अंगाच्या गावाच्या ग्रामसभेची संमती असावी, कारण उताराच्या शेवटी तेच गाव आहे.

भावानं त्या संध्याकाळी वही मिटली आणि म्हणाला, “त्यापरीस तळंच मोठं करतो.” मे महिन्यात त्यानं पोकलेन लावून तळं रुंद केलं, निघालेली माती बांधावर टाकली. जुलैच्या शेवटी सुनेनं फोटो पाठवला, तळं काठोकाठ भरलेलं. मी तिला चावडीमागच्या धारेबद्दल विचारलं. ती चालूच आहे म्हणाली. येत्या ग्रामसभेसाठी मी तिला एक अर्ज लिहून दिला आहे. त्यात मागणी एकच: पाइपाखाली बादली लावा, एका दिवसात किती मिठवणी बाहेर पडतं ते मोजा, आणि नळाच्या वर, जिथं ‘पाच रुपये, वीस लिटर’ लिहिलं आहे, तिथं त्याच्या खाली तो आकडाही लिहा.